दुसरी वाटी

वाटीवर वाटी उपडी घातलेली दिसली की या वयातही मी जागीच थांबते. आत उरलेलं कालवण असतं, दुसरं काही नसतं. तरी मी आधी झाकण उचलून बघते आणि मगच स्वयंपाकघरातून बाहेर पडते. घरात यावरून माझी चेष्टा चालते. "आजीला पुन्हा भूक लागली," नातू म्हणतो. त्याला काय सांगणार? सांगायचं तर बहात्तरच्या दुष्काळापासून सुरुवात करावी लागेल, आणि दुष्काळाचं नाव काढलं की हल्लीची पोरं जांभया द्यायला लागतात. म्हणून इथे लिहून ठेवते, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

आमचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे आम्ही. आम्ही लिंगायत वाणी. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गावात किराणा मालाचं दुकान होतं, पण त्या वर्षी फळ्या नुसत्या पुसून ठेवलेल्या असत. काड्यापेट्या, मीठ, थोडं रॉकेल, आणि गुळाच्या अर्ध्या ढेपेवरच्या माश्या वारत बसलेले अप्पा. रिकाम्या फळ्यांवर मायनं आपला पसारा मांडला होता: करवंट्या, चिंचोके, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, युरियाची पांढरी पोती, फुटक्या बांगड्या, आणि ज्वारीच्या ताटातून सोलून काढलेला पांढराशुभ्र भेंड. पंचक्रोशीत लग्न निघालं की रुखवत मांडायला आणि डोहाळजेवण निघालं की देखावा करायला मायला बोलावणं यायचं. भेंडाची फुलं ती अशी कातरायची की मधमाशी फसावी. आलेल्या बायकांच्या हातात जाताना द्यायचं वाणही ती घरीच करायची, कधी चिंचोक्यांचा मोर, कधी बांगड्यांच्या काचा चिकटवलेली कुंकवाची डबी. माझी नातसून आता पोराच्या वाढदिवसाला 'थीम' ठरवते, पुण्याहून फुगे मागवते आणि पाहुण्यांना 'रिटर्न गिफ्ट' देते. मी म्हणते, बाई गं, हे सगळं आम्ही करून बसलोय, फक्त त्याला एवढी मोठी नावं नव्हती.

मायचा हात मलाही आला होता. मी तेव्हा सोळाची असेन. सातवीनंतर शाळा सुटलेली, दोन ठिकाणची माणसं येऊन बघून गेलेली. चित्र काढण्यात मी मायच्या पुढे होते. ते तिला कळत होतं, पण तोंडावर तिनं कधी कौतुक केलं नाही. हातात ज्वारीचा धांडा द्यायची आणि म्हणायची, "घे, काय करायचं ते कर, पन वाया घालू नगं."

वाया घालू नको, हे त्या वर्षी प्रत्येक घरात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. तो दुष्काळ मला आवाजांनी आठवतो. सकाळी दिवस वर आला की गावाबाहेरच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला सुरुवात व्हायची, आणि ती टकटक दुपारभर डोक्यात राहायची. बैलांच्या घुंगरांचा आवाज नव्हता, कारण जनावरं चाऱ्यासाठी सरकारी छावणीला गेली होती. गाड्या दारादारात जू टेकून पडलेल्या. रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची, भाकरी कोरडी आणि उग्र लागायची. पोत्याचा वास यायचा तिला. ती चावताना सगळ्यांचे जबडे एकसारखे वाजत. भाजी म्हणजे मिरचीचा ठेचा, नाहीतर रानातून खुडून आणलेलं काहीबाही. कामावर मिळणारा गूळ-पिठाचा कोरडा खाऊ, सुकडी, शेजारची पोरं तळहातावर घेऊन चाटत असायची, आणि मी वाण्याची मुलगी असून त्यांच्या हाताकडे बघत असायचे.

गावच्या सगळ्या विहिरी आटल्या होत्या, एक सोडून. ती चेअरमनांची. चेअरमन म्हणजे आमच्या गावच्या सोसायटीचे. खरं नाव कुणी घेत नसे, त्यांची बायकोसुद्धा त्यांना 'मालक' म्हणायची. माजलगावच्या बाजूला नवा सहकारी साखर कारखाना निघायचा होता आणि त्याच्या संचालक मंडळावर जायचं त्यांच्या मनात होतं. ऊस करपून गेला होता तरी कारखान्याच्या बैठका जोरात चालायच्या. त्यांच्या विहिरीवर लिंबाखाली बाज टाकून त्यांची बायको, मोठ्या आक्का, बसायची. हातात चिंचेची काठी. घरटी दोन घागरी. काठी तुमच्याकडे झाली की तुमची पाळी, आणि काठी तुमच्यावरून पुढे सरकली की त्या दिवशी पाणी नाही. एकदा परटाची सून कशाला तरी हसली, तर आठ दिवस काठी तिच्यावरून पुढे सरकत राहिली. ती बिचारी सिंदफणेच्या वाळूत झिरा खणून वाटीनं पाणी भरायची. आम्ही सगळ्याच त्या काठीला भीत होतो. मी तर त्या बाजेसमोरून जाताना बांगडीचा आवाजही होऊ देत नसे.

चैत्राच्या तोंडावर आक्कांनी मायला बोलावणं पाठवलं. तिची सून शकूवहिनी सातव्या महिन्यात होती. लग्नाला सहा वर्षं झालेली, दोनदा चौथ्या महिन्यातच सगळं संपलेलं. या खेपेला सातवा लागला होता, म्हणून डोहाळजेवण करायचं होतं, आणि तेही असं की कारखान्याच्या मंडळींच्या घरच्या बायका जीपमधून येतील आणि तोंडात बोट घालतील. "फुलांची वाडी कर," आक्का मायला म्हणाली खरी. फुलं कुठली? बीडच्या बाजारातसुद्धा देवापुरता झेंडू नव्हता. झोपाळ्यावरचं करायचं तर झोपाळ्याला फुलं लागतात, बागेतलं करायचं तर बाग लागते. माय विचारात पडली, आणि मी मागून बोलून गेले, "नावंतलं करू की."

 डोहाळजेवण नावेत करायची रीत आहे, मी ती फक्त ऐकली होती. पण पाण्याच्या थेंबासाठी माणसं भांडत असताना होडीचं नाव काढणं म्हणजे जळत्या घरात चुलीची चौकशी करण्यासारखं होतं. मायनं मला चिमटा घेतला. आक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं, बहुधा पहिल्यांदाच.

"आन पानी गं पोरी? नाव काय धुराळ्यात चालवायची?"

"पानी आपन करू, आक्का," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण कुठून आला कोण जाणे.

"करा मंग. पन चार बायकांत माझं हासं झालं, तं गाठ माझ्याशी हाय." काठी कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे न बघताही मला ती दिसत होती.

पुढचे आठ दिवस मी आणि माय त्यांच्या अंगणात राबलो. बैल छावणीला गेल्यानं बैलगाडी रिकामीच होती. तिचीच नाव केली. बांबूच्या कामट्या वाकवून पुढे-मागे टोकं काढली, वरून युरियाची पोती शिवून ताणली आणि त्यावर उसाचं पाचट विणलं. जुन्या धोतरांना नीळ देऊन लाटा केल्या. निळीलाही पाणी लागतं, म्हणून मायनं आमच्या दोन घागरींतलं तांब्याभर रोज बाजूला काढलं आणि आम्ही तेवढं कमी प्यायलो. चांदीच्या कागदाचे मासे मी कापले, शे-दीडशे असतील. वहिनीसाठी भेंडाचा मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा केला. भेंडाला धांडे लागतात आणि धांडे म्हणजे वैरण. एकेक ताट सोलताना छावणीतल्या बैलाच्या तोंडचा घास काढतोय असं वाटायचं, आणि कुणी बघेल म्हणून माय सोललेली चिपाडं पदराखाली नेऊन चेअरमनांच्या म्हशीपुढे टाकायची. गावात ती एकच म्हैस उरली होती.

वाण म्हणून आम्ही होड्या केल्या. तीसेक करवंट्या काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केल्या, आतून शेंदरी रंग दिला, मधे काडी रोवून पोत्याचं पांढरं शीड लावलं. प्रत्येकीत हळद-कुंकवाची पुडी, खोबऱ्याचा तुकडा आणि भेंडाची तीन फुलं. वरून लाल कागद खळीनं चिकटवून तोंड बंद करायचं. मिलोच्या पिठाची ती खळ उकळताना मी दोनदा बोट चाटलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

डोहाळजेवणाच्या दोन दिवस आधी आक्का मायशेजारी येऊन बसली. शकूवहिनी समोर सुपारी कातरत होती. डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात, एकीत पेढा, एकीत बर्फी. गर्भार बाईनं न बघता एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळीकडे हा हसण्यावारी न्यायचा खेळ असतो. चेअरमनांच्या घरी त्याचा कौल झाला होता.

"मालकांनी ठरविलंय," आक्का म्हणाली, जणू कुठली पंगत आधी बसणार ते सांगत होती. "पेढा निघाला तं बाळंतपन हितंच. जीप हाय, बीडची डाक्टरीन आनू. बर्फी निघाली तं रीतीपरमानं माहेरला पाठवायची. येवढ्या दुष्काळात पोरीसाठी जीप कावून पळवायची, म्हनत्यात."

वहिनीच्या हातातला अडकित्ता थांबला. तिचं माहेर नांदूरघाटाच्या पलीकडे होतं. एसटी नांदूरघाटापर्यंत, पुढे तीन कोस गाडीवाट, तीही बैल मिळाले तर. तिचे वडील खडी फोडायला जात होते. तिथे पाणी टँकरचं, तेही आलं तर आलं. डॉक्टरीण बाईंनी एकदा तपासून सांगितलं होतं की हिला रक्त फार जाईल, दवाखाना जवळ असू द्या. हे सगळं त्या माजघरात बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. माय खाली मान घालून कागदाला खळ लावत राहिली. मला वाटलं कुणीतरी काहीतरी बोलेल. कुणीच बोललं नाही, आणि मीही बोलले नाही.

डोहाळजेवणाच्या दिवशी दुपारी मी वहिनीला सजवत होते. हिरवं लुगडं, वर पांढरे भेंडाचे दागिने. माय अंगणात लाटा सरळ करत होती, आक्का जीपची वाट बघत दारात उभी. मुकुट बांधायला मी वहिनीच्या मागे गेले तर तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता.

"कमल, वाट्या कोन भरतंय?"

"मीच, वहिनी."

तिनं पदराची गाठ सोडली. आत एक पेढा होता, दाबून चपटा झालेला. चार दिवसांपूर्वी पेढ्यांचा पुडा आला त्यातला तिनं काढून ठेवला असणार. तो तिनं माझ्या मुठीत कोंबला. "दोन्हीत पेढाच ठिव. बर्फी काढून घे. तुझ्या पाया पडते, कमल. मला मरायचं न्हाई गं."

'हो' म्हटल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की माझे पाय चालत देवघराशेजारच्या खोलीत गेले. पाटावर दोन चांदीच्या वाट्या आणि झाकायला आणखी दोन होत्या, आक्कांनी स्वतः पुसून ठेवलेल्या, शेजारी पानावर एक पेढा आणि एक बर्फी. हे कळलं तर काय होईल ते मी मोजत होते. आमची घागर बंद होईल. माय पुन्हा कुणाच्या दारात उभी राहू शकणार नाही. अप्पांचं दुकान सोसायटीच्या जागेत होतं. मला बघायला आलेली माणसं परत येणार नाहीत. आणि याहून मोठी एक भीती होती, ती माणसांची नव्हती. कौल बदलला म्हणून देव पोटातल्या बाळाला काही करेल का? मी गळ्यातलं लिंग मुठीत घट्ट धरलं, दुसऱ्या हातानं दोन्ही वाट्यांत पेढे ठेवले आणि वर दोन वाट्या उपड्या घातल्या. चांदीवर चांदी किणकिणली तसं मी दाराकडे बघितलं.

बर्फी हातात उरली. खावी तर तोंडाला वास येईल, बाहेर न्यावी तर दारात आक्का. कोपऱ्यातल्या सुपात होड्या मांडलेल्या होत्या, तोंडं अजून उघडी. मी बर्फी कागदात गुंडाळली आणि एका होडीत पुडीखाली सरकवली. खूण म्हणून तिचं शीड जरा वाकडं केलं. सगळं पार पडलं की काढून घेऊ, असा विचार केला. स्वतःला फार हुशार समजत होते मी. तासाभरानं खोलीत डोकावले तर मायनं सगळ्या होड्यांची तोंडं लाल कागदानं बंद केली होती, आणि एकूण एक शीड सरळ. मायला वाकडं काही खपायचंच नाही. तीस होड्या, सगळ्या एकसारख्या.

त्यानंतरचं डोहाळजेवण मी पाण्याखालून बघावं तसं बघितलं. बायका आल्या, जीपमधून उतरलेल्या आणि गावातल्या. नावेपाशी येताच खरंच त्यांनी तोंडात बोटं घातली. वाऱ्यानं निळी धोतरं हलत होती, मासे चमकत होते, आणि परटाची सून डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माय गं, किती दिसानं एवढं पानी बगितलं." पाच जणींनी ओटी भरली. गाणी झाली. मी नावेच्या टोकाशी उभी होते आणि माझी नजर फक्त सुपावर होती. मग वाट्या आल्या. वहिनीचा हात दोन्हींवरून फिरला. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, तरी तिचे ओठ पांढरे पडलेले मी बघितले. तिनं डावीकडची उचलली. पेढा! बायकांनी टाळ्या वाजवल्या, दारामागून चेअरमनांचं खाकरणं ऐकू आलं. सुटलो, असं वाटलं.

तेवढ्यात जीपमधून आलेल्या एक चष्मा लावलेल्या बाई म्हणाल्या, "आता दुसरी पण उघडा ना. आमच्याकडे दोन्ही दाखवतात."

"उघडा की," आक्का म्हणाली आणि मायकडे वळली. "गिरजा, उघड."

माय वाटीकडे वाकली. वाकताना तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं ते मला कधीच कळणार नाही, पण मायचा हात वाटीच्या वीतभर वर थांबला. तिनं तो हात सावकाश जोडीला दुसरा घेऊन नमस्कारासारखा केला.

"न्हाई आक्का," माय म्हणाली. तिच्या आवाजात जराही कंप नव्हता. "हे नावंतलं डव्हाळजेवन हाय. नावंतली दुसरी वाटी उघडीत न्हाईत. ती गंगंला द्यायची आसती, झाकल्याली. उघडली तं नाव मधीच ऱ्हाती."

"आसं आसतं? मी कवा ऐकलं न्हाई."

"आपल्यात नाव कवा झाली, आक्का, म्हनून तुमी ऐकताल?"

एक क्षण असा गेला की खडी फोडण्याची टकटक तेवढी ऐकू येत होती. मग चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "किती छान पद्धत आहे!" आणि आक्कांना मान हलवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

अशी ती मिरवणूक निघाली. पुढे मी, हातात झाकलेली वाटी. शेजारी माय, मागे दहा-बारा बायका आणि वाजंत्री म्हणून एक हलगी. नदी अर्ध्या कोसावर. ऊन असं की वाळू चपलेतून चटके देत होती. मी दोन्ही अंगठ्यांनी वरची वाटी दाबून धरली होती. एक ठेच लागली असती, एक वाटी घसरली असती, की दहा-बारा बायकांसमोर तो चपटा पेढा धुळीत पडला असता. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. सिंदफणेच्या काठावर मायनं सगळ्यांना थांबवलं. "हितून पुढं नाव सजविनाऱ्यांनीच जायचं आसतं. पाठी फिरवून हुब्या ऱ्हावा," म्हणाली. बायका निमूट पाठ करून उभ्या राहिल्या. तिनं एकदा खोटं बोलायला सुरुवात केली की मग तिला अडवणं अवघड होतं.

आम्ही दोघी पात्रात उतरलो. एका कोरड्या झिऱ्यापाशी मायनं वाटी माझ्या हातातून घेतली, झाकण उचललं आणि आत बघितलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तिनं पेढ्याचे दोन तुकडे केले, एक माझ्या तोंडात घातला, एक आपल्या. "गीळ," म्हणाली. कित्येक महिन्यांत आम्ही गोड खाल्लं नव्हतं. मला चव लागली नाही, दातांखाली फक्त वाळू लागली.

"कुनी सांगितलं?"

"वहिनीनं."

"मला वाटलंच." तिनं रिकाम्या वाट्या वाळूनं घासल्या आणि पदरात घेतल्या. मग एकदम थांबली. "आन बर्फी?"

"होडीत."

"कोनच्या?"

"वाकड्या शिडाच्या," मी म्हणाले आणि रडायला लागले.

माय तेवढी घाबरलेली मी त्याआधी आणि त्यानंतर कधी बघितली नाही. काठावरच्या बायका उन्हाला कंटाळून आधीच परत फिरल्या होत्या. वाट अर्धी चालत, अर्धी पळत आम्ही परत आलो. वाटेत ती मला सांगत होती की वाण आपणच वाटू, एकेक होडी हातात तोलून बघू. पण जीपवाल्यांना घाई झाली होती. अंगणात आलो तेव्हा आक्का स्वतः सूप घेऊन उभी होती आणि शेवटच्या चार होड्या उरल्या होत्या. तीन गेल्या. चौथी आक्कांनी देवापुढे ठेवायला म्हणून आपल्यालाच ठेवली.

पुढचे दोन महिने मी झोपेतसुद्धा लाल कागद फाटल्याचा आवाज ऐकत होते. जीपचा आवाज आला की दुकानातल्या पोत्यांमागे जाऊन उभी राहायची. प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघायची, हिला सापडली का, ही बोलेल का. विहिरीवर जाताना माय मला मागे ठेवायची. एकदा काठी आमच्याकडे आली आणि तिथेच थांबली. आक्का म्हणाली, "गिरजा, तुझ्या होड्यांचं लई नाव झालंय. माजलगावपत्तुर चर्चा हाय म्हनं." मायच्या हातून कासरा सुटला, घागर विहिरीत आपटली आणि पोचा पडला. आक्का बघत राहिली. मग काठी पुढे सरकली. पाणी आम्हाला मिळालं. भीती अशी होती की ती एकमेकींना सांगायचीही भीती वाटायची.

ज्येष्ठात वहिनीला कळा सुरू झाल्या. एक दिवस आणि पुढची सकाळ. जीप बीडला जाऊन डॉक्टरीण घेऊन आली. रक्त खरंच फार गेलं. डॉक्टरीण बाई बाहेर येऊन अंगणात बसल्या आणि म्हणाल्या की तासाभराचा उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या. दोघीही. मुलगी झाली होती.

तिसऱ्या दिवशी आक्कांचं बोलावणं आलं, एकट्या कमलला पाठवा म्हणून. मायनं मला विभूती लावली. मी गेले तेव्हा आक्का देवघरात होती, शेजारी काठी. तिनं कोनाड्यातून करवंटीची होडी काढली. लाल कागद केव्हाचा फाटलेला. आत कागदाची गुंडाळी होती, ती तिनं उलगडली. बर्फी उन्हाळ्यानं दगडासारखी झाली होती.

"तुझी हाय ना ही?"

 मी पायाखालची फरशी तेवढी बघत राहिले.

"त्याच सांजंला देवाम्होरं कागद फाडला तवा सापडली. तवाच समजलं दुसऱ्या वाटीत काय व्हतं ते. आन गंगा कावून मधी आली ते बी." तिनं आतल्या खोलीकडे बघितलं. तिथून बाळाचं बारीक रडणं येत होतं. "मालकाला दाखविली आसती तं दुसऱ्या दिशी तिला माहेरच्या वाटंला लावली आसती. मी बी बर्फीच उचललती, पोरी. मला माहेरला धाडली. केजच्या वाटंवर गाडीतच झाली. घटकाभर व्हती." मोठ्या आक्का आणि त्यांची काठी, एवढंच मला माहीत होतं. तिलाही कुणाची भीती असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला तेव्हा तिची दया आली नाही. मी फार घाबरलेली होते. दया नंतर आली, पुष्कळ वर्षांनी, आणि आली ती गेलीच नाही.

तिनं बर्फी होडीत ठेवून होडी माझ्या हातात दिली. "घरी न्हे. मायलेकी खावा." मी दारापर्यंत गेले तर मागून म्हणाली, "आन कमल, पुन्यांदा आसलं काय करायची येळ आली, तं नीट लपीव."

ती बर्फी मायनं वरवंट्यानं फोडली.

आक्का गेल्या, माय गेली, वाळूच्या जागी आता धरणाचं पाणी उभं असतं. पण आमच्या गावात डोहाळजेवण कुठल्याही थाटाचं असलं तरी दुसरी वाटी उघडत नाहीत. झाकून नदीला नेतात, पोरी मागे गाणी म्हणत जातात. पूर्वापार रीत आहे म्हणतात. मी काही बोलत नाही. गेल्या वर्षी शकूवहिनीच्या त्याच मुलीनं मला मुद्दाम बोलावलं. तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. फुग्यांची नाव, निळे दिवे, पाहुण्यांना द्यायला रंगीत डब्या. "काकू, वाट्या तुम्हीच भरा, तुमच्या हातानं शुभ होतं," ती म्हणाली आणि मला खोलीत एकटीला सोडून गेली. पाटावर दोन वाट्या, शेजारी एक पेढा आणि बर्फीचा पुडा. सोळाव्या वर्षी बघितलं तसंच मी आधी दाराकडे बघितलं. मी दोन्ही वाट्यांत बर्फी ठेवली, कुठलीही उचलली तरी मुलगीच निघेल अशी, आणि झाकणं घातली. पेढा पदराच्या टोकाला बांधला, दोन गाठी मारल्या, पदर कमरेला खोचला आणि बाहेर येऊन सगळ्यांत पुढे बसले. या खेपेला नीट लपवला होता.